एकोणीस जणींचा निरोप

हे मी आजवर कुणाला बोललेली नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. शेजारणीला तर नाहीच — तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत उचगावात कुणाला सांगायचं राहिलं नसतं. काही जण म्हणतात, आम्ही देवाजवळ बोललो, मोकळे झालो. मी तेही केलं नाही. देवाचा यात काय संबंध? संबंध होता एका मुलीचा. आणि तिच्यासमोर बसून, तिच्या हातचा चहा पिऊन मी तशीच उठून आले.

लांबण लावतेय असं वाटेल तुम्हाला. मला खरं तर थोडक्यात बोलायची सवय. सगळं वाटोळं त्या थोडक्यातच झालं, म्हणून आज सगळं सांगते.

माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर मी बावीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. दगड झिजला की छिन्नीनं टाकी मी स्वतः लावायची, पट्टा तुटला तर मीच जोडायची. पुढं मुलगा कमावता झाला, गिरणी बंद केली, आणि मी घरात बसले. बसणं मला जमत नाही. ते असो.

सुजाता, माझी सून, धातूंची इंजिनिअर. एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये कामाला होती. ओतलेल्या लोखंडात काय किती आहे ते तपासायचं काम. सगळ्या कारखान्यात बाई म्हणून ही एकटी. तिथं बायकांसाठी संडास नव्हता, हे मला वर्षभरानं कळलं. तेही तिनं सांगितलं म्हणून नाही, फोनवर कुणाला तरी सांगत होती ते कानावर पडलं. दिवसभर पाणी न पिता राहायची पोरगी. मला का बोलली नाही? मी कधी विचारलं होतं?

दोन हजार साल उजाडायच्या थोडं आधी घरात कॉम्प्युटर आला. सकाळी सहाला लाइन मोकळी असते म्हणून ती त्या वेळी उठून बसायची. फोनची वायर काढून त्यात घालायची. मग ते किर्रर्र ओरडायचं, दोनदा तुटायचं, तिसऱ्यांदा लागायचं. कुणी कारखान्यात, कुणी प्रयोगशाळेत, कुणी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत — अशा बायकांचा तिनं ई-मेलवर ग्रुप केला होता. एकीनं लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. सुरुवातीला सात जणी होत्या. मग वाढल्या, पण वाढून गप्प. ही रोज काहीतरी विचारायची आणि पलीकडून सगळ्या ढिम्म.

"आत्या, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय," ती एकदा म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणते.

"मग भिंतीशीच बोल की. बिल तरी येणार न्हाय."

ती हसली नाही. पण नेटानं लिहीत राहिली, आणि वर्षभरात त्या भिंतीला तोंड फुटलं. बायका बोलायला लागल्या. साहेब बढती देत नाही, बाळंतपणानंतर परत घेत नाहीत, लॅबमधल्या ॲसिडनं हात भाजतात — असलं सगळं.

मग तिच्या डोक्यात आलं की ज्यांच्याकडं कॉम्प्युटर नाही त्या मुलींचं काय? शिरोळकडच्या, गारगोटीकडच्या पोरी डिप्लोमा करतात, बीएस्सी करतात, आणि पुढं काय करायचं हे सांगायला घरात कुणी नसतं. मुलींच्या होस्टेलांवर तिनं हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. ‘कॉम्प्युटर नसला तरी चालेल. दुपारी बारा ते दोन या नंबरवर फोन करा. मावशी निरोप घेतील.’

मावशी म्हणजे मी. मला विचारलंही नव्हतं. पण खरं सांगू? मला बरं वाटलं.

पद्धत अशी होती. मुलीचा फोन आला की प्रश्न मी वहीत लिहून घ्यायचा. रात्री जेवण झालं की सुजाता तो वाचायची आणि सकाळी ग्रुपवर टाकायची. उत्तरं यायची इंग्रजीत. सुजाता ती वहीत मराठीतून, मोठ्या अक्षरात, माझ्यासाठी लिहून ठेवायची आणि कामावर जायची. मुलीनं दोन-तीन दिवसांनी परत फोन केला की मी वाचून दाखवायची. दाखवलं की त्या पानावर बरोबरची खूण करायची आणि लिहायचं — ‘सांगितलं’. म्हणजे ते पान संपलं.

पण सगळं वाचून दाखवणं जमायचं नाही. पोरी एसटीडी बूथवरून बोलायच्या, समोर मीटरचे लाल आकडे. "मावशी, लवकर सांगा, मीटर पळतंय." मग मी दोन पानांचं दोन ओळीत करायची. करायला लागायचंच. हळूहळू त्यात मी इतकी तरबेज झाले की सुजाता म्हणायची, "आत्या, तुम्हाला सार काढता येतं." कुणी असं बोललं की माणूस फुगतं. मी फुगले.

एकदा एका मुलीनं विचारलं, मी कामावर केमिस्ट आहे आणि साहेब रोज मलाच चहा करायला लावतो, काय करू? ग्रुपमधल्या बायकांनी पानभर लिहिलं होतं. हक्क काय, लेखी तक्रार कशी करायची, असं बरंच. मुलगी घाईत होती. मी म्हटलं, "चहात मीठ घाल म्हणतायत." तिनं घातलं. साहेबानं परत चहा सांगितला नाही. हे सुजाताला कळल्यावर ती पोट धरून हसली, तिनं ते ग्रुपवर टाकलं, तिकडंही सगळ्या हसल्या. ‘फोनवाल्या मावशी’ म्हणून माझं नाव झालं.

म्हणजे काय झालं बघा. मी माझं बोलणं त्या बायकांच्या तोंडी घातलं, आणि त्याबद्दल मला कुणी रागावलं नाही. उलट शाबासकी दिली. मी हे कारण म्हणून सांगत नाही. पाय कुठं घसरायला लागला तेवढं सांगते.

वैशाली गारगोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, पहिल्या वर्गात. गारगोटीत टायपिंगच्या क्लासला यायची आणि स्टँडजवळच्या बूथवरून फोन करायची. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज तेवढा ओळखीचा. बारीक, पण ठाम.

सोमवारी तिचा फोन आला. पुण्यात एका कंपनीत तिला नोकरी लागली होती. यंत्रांचे पार्ट तपासायचं काम. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. आजी म्हणाली होती, गेलीस तर परत माझं तोंड बघायला येऊ नको. बाप त्याच्या आईच्या शब्दाबाहेर नाही. वैशालीची आई गप्प. वैशाली म्हणाली, "मावशी, मला काय सुचंना झालंय. त्या सगळ्या शिकलेल्या हायत, बाहेर राहिलेल्या हायत. त्या म्हणतील तसं करते. गुरुवारी फोन करीन."

हे शेवटचं वाक्यही मी वहीत लिहिलं होतं. ‘त्या म्हणतील तसं करते.’ माझ्याच अक्षरात आहे.

गुरुवारी सकाळी सुजाता वही माझ्यापुढं ठेवून गेली. "आत्या, एवढी उत्तरं आजवर कुणाला आली न्हाईत. एकोणीस जणींनी लिहिलंय. हे जरा नीट वाचून दाखवा." तिचा चेहरा नुसता फुलला होता. तीन वर्षं त्या भिंतीवर डोकं आपटून आता कुठं तिचं काम उभं राहत होतं.

मी भाजी टाकली आणि वाचायला बसले. एकोणीसच्या एकोणीस जणी म्हणत होत्या, जा. पुण्यातल्या एकीनं लिहिलं होतं, माझ्याकडं एक खोली रिकामी आहे, जम बसेपर्यंत माझ्याकडं राहा, जेवायलाही माझ्याकडंच. कोल्हापुरात कॉलेजवर शिकवणाऱ्या एका बाईनं लिहिलं होतं, मी रविवारी स्वतः गारगोटीला येते, आजीशी बोलते, कंपनीकडून दोन दिवस वाढवून घे. एकीनं तर बरोबर काय काय घ्यायचं त्याची यादी दिली होती. स्वेटर घे, पुण्यात थंडी असते म्हणे.

आणि मधेच एकीनं लिहिलं होतं: ‘चौथी शिकलेल्या आजीनं नको म्हटलं म्हणून डिप्लोमा झालेली मुलगी घरी बसणार का? अशा बायकांना जगातलं काय कळतं?’

सुजातानं तेही उतरवलं होतं. मोठ्या अक्षरात, मला नीट वाचता यावं म्हणून. तिच्या लक्षातही आलं नसणार. इंग्रजीचं मराठी करत भराभरा लिहून गेली असणार. आणि ते फोनवर वाचून कोण दाखवणार होतं? चौथी शिकलेली मीच.

भाजी करपली.

आता मी म्हटलं की त्या एका ओळीचा राग आला म्हणून मी ते केलं, तर सोपं होईल. तसं नाही. बारा ते एक, मला एक तास होता. राग एवढा वेळ टिकत नाही. मी भांडी घासली, कपडे वाळत घातले. त्या तासात मी काय विचार करत होते? त्या मुलीचा नाही, एवढं नक्की. मी विचार करत होते की दोन वर्षं रोज दुपारी मी या बायकांचे निरोप वाहते, आणि एकीला तरी वाटलं का की मावशीला विचारू, मावशी तुमचं काय म्हणणं? मीठ घाल म्हटलं ते हसण्यापुरतं. एरवी मी म्हणजे ती वायर. किरकिर करणारी. एकोणीस जणींचं मत घेतलं, विसावी घरात बसलेली होती.

एक वाजता फोन वाजला.

"मावशी, काय म्हणाल्या सगळ्या?"

वही माझ्या मांडीवर उघडी होती.

"नको म्हणतायत."

"सगळ्या?"

"सगळ्या. घरच्यांचं ऐक म्हणतायत. आजी काय तुझं वाईट चिंतणार हाय का?"

  तिनं परत विचारलं, "एकपण जा म्हणाली न्हाय?"

इथं मला थांबता आलं असतं. थांबायला जागा होती ना? तिनंच करून दिली होती.

"न्हाय," मी म्हटलं.

"बरं. ठेवते मावशी. मीटर पळतंय."

मी रिसीव्हर ठेवला, पेन्सिल घेतली, पानावर बरोबरची खूण केली आणि लिहिलं — ‘सांगितलं’.

संध्याकाळी सुजातानं चप्पलही न काढता विचारलं, "आला फोन? काय म्हणाली?" मी सांगितलं, ऐकून घेतलं, काही बोलली नाही. "एवढ्या जणींनी लिहिलंय ते सांगितलं ना?" सांगितलं. खोली आहे ते? तेही सांगितलं. पहिलं खोटं बोलायला मला एक तास लागला होता. ही दोन लागोपाठ आली.

शुक्रवारी मी फोनजवळ बसून होते. तिनं परत फोन केला तर सांगायचं, असं मनात घातलं होतं. तिनं का करावा? तिला तर उत्तर मिळालं होतं. गारगोटीची एसटी कोल्हापुरात रंकाळ्याच्या स्टँडवरून सुटते, दोन तासांचा रस्ता. टायपिंगचा क्लास मला माहीत होता, वेळ माहीत होती. शुक्रवारी मी गेले नाही. शनिवारी सकाळीही गेले नाही. गुडघा दुखत होता असं म्हणता येईल. तो तर रोजच दुखतो.

पुण्याच्या बाईनं दोन महिने खोली रिकामी ठेवली. कॉलेजवरच्या बाई रविवारी गारगोटीला निघायच्या तयारीत निरोपाची वाट बघत बसल्या. मुलगी आली नाही, कळवलं नाही. मग ग्रुपवर कुरबुर सुरू झाली. फोनवर पोरी रडतात, आपण जीव टाकतो, आणि मग त्यांचा पत्ता नसतो. ज्यांना खरंच गरज आहे त्या स्वतः कॅफेत जाऊन ई-मेल करतील की. सुजाता भांडली. मला ती तिकडचं सगळं वाचून दाखवायची आणि म्हणायची, "आत्या, तुम्हीच सांगा, घाबरली असंल न्हाय बिचारी?" मी म्हणायची, घाबरली असंल.

शेवटी ठरलं की फोन बंद. ज्या स्वतः ई-मेल करतील त्यांचंच बघायचं. चिठ्ठ्या काढून टाकल्या. त्यानंतरही वर्षभर अधूनमधून फोन यायचे — शिरोळची एक होती, कागलची एक होती — आणि मी सांगायची, बंद झालं बाळ. शहरातल्या, कॉम्प्युटरवाल्या बायकांचा तो ग्रुप पुढं मोठा झाला. आमच्या भागातल्या पोरी त्यातून गळाल्या. एका वैशालीचं मी वाटोळं केलं असं नाही. ज्यांची नावं मला माहीत नाहीत त्यांचं काय?

चार-पाच वर्षांनी गारगोटीत एका नात्यातलं लग्न होतं. जेवण झाल्यावर मी बायकांत सहज विचारल्यासारखं विचारलं. एकजण म्हणाली, ती व्हय, ती हितंच दिली की, दूध संस्थेच्या सेक्रेटरीची बायको. मी विचारत विचारत गेले. संध्याकाळच्या दुधाची वेळ. बाहेर किटल्या घेऊन माणसं ताटकळलेली, दूध मोजायचा काटा बंद पडलेला. आत एक बाई जमिनीवर मांडी घालून, तो विजेचा काटा उघडून, हातात डाग द्यायचं यंत्र घेऊन बसली होती. तारेचं टोक तापलेलं, बारीक धूर. रांगेतला एक म्हणाला, "वैनी, म्हस परत आटंल तवर." ती मान वर न करता म्हणाली, "मग तिला हितंच आणून बांधा."

मला हसू आलं. मी म्हटलं, "जरा सरकता का पावणं, बसू द्या मला."

तिचे हात थांबले. तिनं मान वर केली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिनं मला कधी पाहिलं नव्हतं.

"फोनवाल्या मावशी न्हवं तुम्ही?"

काटा सुरू करून तिनं मला घरात नेलं. चहा केला. दोन लेकरं होती, नवरा बरा दिसला. काटा, दुधातली फॅट मोजायचं मशीन, आजूबाजूच्या चार गावांतल्या संस्थांचं काहीही बिघडलं की हिलाच बोलावतात. पगार नाही, सेक्रेटरीची बायको म्हणून करायचं. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही.

मग तीच म्हणाली, "मावशी, आजीला मी ऐकणार न्हवते बरं का. बॅग भरलेली माझी. म्हातारी काय, चार दिवस रागावली असती. पण एवढ्या शिकलेल्या, एवढ्या पुढं गेलेल्या बायका, एकजण सुदिक जा म्हणंना. म्हटलं, त्यांना काय तरी दिसत असंल म्हणूनच म्हणतायत. मग मी कोण मोठी लागून गेले?" कप माझ्या हातात देत म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत, गोड बोलून फसवलं न्हाईत. लै उपकार झाले."

आजी त्याच वर्षी गेली होती. तिनं ओघात सांगितलं.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "बरं केलंस."

तिच्या लेकरांच्या हातावर काहीतरी ठेवलं आणि उठले. वाटेत माणसं भरत जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसून कोल्हापूरपर्यंत आले. फोनवर खोटं बोलताना निदान तिचं तोंड दिसत नव्हतं. इथं दिसत होतं, आणि तरी ‘बरं केलंस’ म्हणाले. मला आता कुणी विचारलं की तुझी मोठी चूक कुठली, तर मी फोन सांगणार नाही. तो चहा सांगेन.

आता त्या ग्रुपला दहा वर्षं होतायत. त्याचा एक अंक निघणार आहे. सगळ्या आठवणी लिहितायत. सुजाता म्हणाली, आत्या, तुम्हीही दोन शब्द लिहा. तिनं स्वतः माझ्यावर लिहिलंय, तेही वाचून दाखवलं. चौथी शिकलेल्या आमच्या आत्यांनी शेकडो मुलींना एकही न गाळता निरोप पोचवले, असं आहे त्यात.  मला उठून जावंसं वाटलं.

मी हे वहीतच लिहिते आहे, त्याच वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. मला टाइप येत नाही. उद्या सकाळी ती या पानांसमोर बसेल आणि अंकासाठी एकेक ओळ उतरवेल. ती लॅबमधली बाई आहे, लोखंडात काय मिसळलंय ते शोधायचा तिचा धंदा, आणि घरातलं तिला इतकी वर्षं दिसलं नाही, कारण तिनं तपासलंच नाही. छापायचं की नाही ते ती बघेल. गारगोटीला न्यायचं की नाही तेही तीच बघेल.

वैशालीचं पान मी आज परत काढलं. खूण तशीच आहे, पेन्सिलीची, खोडता आली असती. खोडली नाही. खाली लिहिलं: सगळ्यांनी जा म्हटलं होतं. पुण्यात खोली होती. बाई आजीशी बोलायला येणार होत्या. स्वेटर घे म्हणाल्या होत्या.

नको मी म्हटलं.